तरंगलांबी व ऊर्जा : फोटॉन आणि द्रव्यकण

प्रकाशाची तरंगलांबी (तरंगाच्या लागोपाठच्या दोन शिखरांमधील अंतर) मोजता आली की, त्या प्रकाशातील प्रत्येक फोटॉनाची (प्रकाशकणाची) ऊर्जा काढता येते. तसेच इलेक्ट्रॉन, न्यूट्रॉन यांसारख्या द्रव्यकणाचा संवेग (वस्तुमान व वेग यांचा गुणाकार) माहीत असला की, त्या कणाशी निगडित असलेली तरंगलांबी काढता येते. हे दोन्ही संबंध १९००–२७ या काळात प्रस्थापित झाले. तरंगलांब्यांचे मापन मात्र त्यापूर्वी जवळजवळ शतकभर चालू होते व ते अतिशय सूक्ष्म झाले होते. लांबी कळत होती. परंतु तिच्यामागे किती ऊर्जा आहे व ती ऊर्जा अणूविषयी काय सांगते, हे कळत नव्हते.

या संधिकाळातील एक उद्बोधक प्रसंग महाराष्ट्राच्या भूमीवर घडला. २२ जानेवारी १८९८ रोजी झालेल्या खग्रास सूर्यग्रहणाच्या वेळी चंद्राची छाया विजयदुर्गजवळ कोकण किनाऱ्यावर आली आणि सह्याद्री ओलांडून करमाळ्याचा परिसर, आजच्या बीड जिल्ह्याचा मध्य भाग व वऱ्हाड या मार्गाने ईशान्येकडे गेली. या पट्ट्यात घेतलेल्या वर्णपटांच्या छायाचित्रांवर काही तरंगलांब्या अचूकपणे नोंदल्या गेल्या. त्यांचा अर्थ उलगडण्यास चाळीस वर्षांहून अधिक काळ लागला व तो उलगडण्यासाठी मधल्या काळात भौतिकीचा पायाच नव्याने घालावा लागला.

१८९८ पूर्वीची मापने : टॉमस यंग (१७७३–१८२९) यांनी एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी व्यतिकरणाच्या प्रयोगांवरून प्रकाशाच्या निरनिराळ्या रंगांच्या तरंगलांब्या काढल्या. योझेफ फोन फ्राउनहोफर (१७८७–१८२६) यांनी १८१४ मध्ये सूर्याच्या वर्णपटातील शेकडो काळ्या रेषांचा नकाशा तयार केला आणि पुढे विवर्तन जालकाच्या (समांतर व समान अंतरावरील बारीक रेघांच्या साधनाच्या) साहाय्याने प्रमुख रेषांच्या तरंगलांब्या मोजल्या. प्रत्येक मूलद्रव्य तापविले असता ठराविक रेषाच देते, हे गुस्टाफ किरखोफ व रोबेर्ट बन्सन यांनी १८५९-६० मध्ये दाखविल्यावर तरंगलांबी ही मूलद्रव्याची ओळखखूण ठरली. आंडेर्स अँगस्ट्रॉम यांनी १८६८ मध्ये सौर वर्णपटाचा जो नकाशा प्रसिद्ध केला, त्यात एका सेंटिमीटरचा दहा कोटीवा भाग हे एकक वापरले होते. पुढे या एककाला अँगस्ट्रॉम (अँ.) हे नाव मिळाले. अमेरिकेतील हेन्री रोलंड यांनी अतिशय सुबक जालके तयार केली व १८९५–९७ मध्ये सुमारे २०,००० सौर रेषांच्या तरंगलांब्यांचे कोष्टक प्रसिद्ध केले.

या काळात ऊर्जेचा विचार प्रकाशाच्या तीव्रतेपुरता मर्यादित होता. प्रकाश प्रखर म्हणजे ऊर्जा अधिक, मंद म्हणजे ऊर्जा कमी, एवढेच तरंग सिद्धांतावरून म्हणता येत असे. जांभळा प्रकाश व तांबडा प्रकाश यांच्या तरंगलांब्यांतील फरकाचा ऊर्जेशी काही मूलभूत संबंध असेल, अशी कल्पना कोणी मांडली नव्हती. योहान बामर यांनी १८८५ मध्ये हायड्रोजनाच्या दृश्य रेषांच्या तरंगलांब्या एका साध्या सूत्रात बसविल्या. त्या सूत्रानुसार ३,६४५.६ अँ. या संख्येला ९/५, १६/१२, २५/२१ अशा अपूर्णांकांनी गुणले की हायड्रोजनाच्या रेषा मिळतात. हे सूत्र अचूक होते. परंतु ते तसे का असावे, हे बामर यांना सांगता आले नाही.

सूर्यग्रहणे व वर्णपट : सूर्याच्या तेजस्वी बिंबाभोवती वर्णगोल हा पातळ थर असून त्याबाहेर किरीट हे अतिविरल आवरण असते. ग्रहणाव्यतिरिक्त एरवी ती बिंबाच्या तेजात लोपलेली असतात. खग्रास ग्रहणात चंद्राने बिंब झाकले की काही सेकंद वर्णगोलाच्या आणि त्यानंतर एकदोन मिनिटे किरीटाच्या तेजस्वी रेषा दिसतात. त्यामुळे वर्णपटवैज्ञानिकांच्या दृष्टीने ग्रहणाचा प्रत्येक सेकंद मोलाचा असे.

१८ ऑगस्ट १८६८ रोजीच्या ग्रहणाचा पट्टा त्या वेळच्या दक्षिण मराठा संस्थानांच्या प्रदेशावरून गेला होता. पटवर्धनांच्या जमखंडी संस्थानात जॉन हर्शेल यांनी व आंध्रातील गुंटूर येथे प्येअर झांसेन यांनी सौर ज्वालांच्या वर्णपटाचे निरीक्षण केले. या ग्रहणात दिसलेली पिवळी रेषा प्रथम सोडियमाची मानली गेली. त्याच वर्षी २० ऑक्टोबर रोजी नॉर्मन लॉकयर (१८३६–१९२०) यांनी इंग्लंडमध्ये ग्रहण नसतानाही ज्वालांचा वर्णपट पाहिला. पिवळ्या रेषेची तरंगलांबी (५,८७५.६ अँ.) सोडियमाच्या दोन रेषांहून (५,८९० व ५,८९६ अँ.) वेगळी असल्याचे पुढे स्पष्ट झाले. सुमारे १५ अँगस्ट्रॉमच्या या फरकामुळेच हीलियम या नव्या मूलद्रव्याची कल्पना पुढे आली. १८९५ मध्ये विल्यम रॅम्झी यांना हीलियम पृथ्वीवरील एका खनिजात सापडले.

हीलियमाचा शोध लॉकयर यांनी विजयदुर्ग किल्ल्यावरून १८६८ मध्ये लावला, असे पुष्कळदा सांगितले जाते. ते बरोबर नाही. लॉकयर विजयदुर्गला आले ते १८९८ च्या ग्रहणासाठी. किल्ल्यावरील ‘साहेबाचे ओटे’ या नावाने ओळखले जाणारे चौथरे त्या पथकाची आठवण देतात. तोपर्यंत हीलियमाचा शोध लागून तीस वर्षे होत आली होती. विजयदुर्गचे वैज्ञानिक महत्त्व त्यामुळे कमी होत नाही. मात्र ते १८९८ च्या ग्रहणाशी निगडित आहे.

१८९८ चे ग्रहण : १८९६ पासून मुंबई व पुणे भागांत प्लेगची साथ असतानाही या ग्रहणासाठी देशोदेशींची पथके आली. विजयदुर्ग येथे लॉकयर यांच्या पथकाला ‘मेल्पोमिनी’ या ब्रिटिश युद्धनौकेवरील अधिकारी व खलाशी यांनी साहाय्य केले. अमेरिकेतील लिक वेधशाळेचे विल्यम वॉलेस कॅम्बेल (१८६२–१९३८) यांनी जेऊर (ता. करमाळा, जि. सोलापूर) येथे तळ दिला. पुलगाव (जि. वर्धा) व तळणी (जि. अमरावती) येथे ब्रिटिश निरीक्षक होते. विजयदुर्गला समुद्रमार्गे जाता येत असे; जेऊर, पुलगाव व तळणी ही स्थानके ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वेच्या मार्गांवर होती. जड दूरदर्शक, लोलक व काचेच्या छायापट्ट्या सुरक्षितपणे नेण्यास रेल्वे आवश्यक होती.

जेऊर व वऱ्हाड यांच्या मधला पट्टा निजामाच्या हैदराबाद संस्थानातील बीड जिल्ह्यावरून जात होता. बीड व माजलगाव ही गावे या छायापट्ट्यात येतात. या भागात त्या काळी रेल्वे नव्हती. जेऊरच्या छायाचित्रांवर जो प्रकाश नोंदला गेला, तोच काही क्षणांनी बालाघाटाच्या पठारावर व गोदावरीच्या खोऱ्यातही पडला. छायापट्ट्यात एखादे ठिकाण येणे आणि तेथे मापन होणे यांत फरक असतो व तो फरक पुष्कळदा आकाशापेक्षा दळणवळणावर अवलंबून असतो, याचे हे उदाहरण आहे.

जेऊर येथील भारतीय पथकाचे नेतृत्व कावसजी दादाभाई नायगमवाला (१८५७–१९३८) यांनी केले. ते पुण्याच्या कॉलेज ऑफ सायन्समध्ये प्राध्यापक होते व भावनगरच्या महाराजांच्या देणगीतून पुण्यात उभारलेल्या महाराजा तख्तसिंगजी वेधशाळेचे प्रमुख होते. या वेधशाळेत ग्रब यांनी बनविलेला ५१ सेंमी. व्यासाचा परावर्तक दूरदर्शक होता. नायगमवाला यांनी ग्रहणाच्या वर्णपटाची छायाचित्रे घेतली व त्यांचा सविस्तर अहवाल १९०२ मध्ये वेधशाळेच्या प्रकाशनमालेचा पहिला खंड म्हणून प्रसिद्ध केला. १९१२ मध्ये ते निवृत्त झाल्यावर वेधशाळा बंद झाली आणि दूरदर्शक कोडईकानल येथे हलविण्यात आला.

हिरवी किरीट रेषा : किरीटाच्या वर्णपटात एक ठळक हिरवी रेषा असल्याचे चार्ल्स यंग व विल्यम हार्कनेस यांना १८६९ च्या ग्रहणात आढळले होते. ती किरखोफ यांच्या नकाशातील १४७४ क्रमांकाच्या रेषेशी जुळते असे मानले गेले. या रेषेची तरंगलांबी सुमारे ५,३१७ अँ. असून ती लोखंडाची म्हणून नोंदली होती. लोखंडाच्या इतर ठळक रेषा किरीटात दिसत नसल्याने ही एकच रेषा तेथे कशी, असा प्रश्न होता. त्यामुळे ती ‘कोरोनियम’ या अज्ञात मूलद्रव्याची असावी, अशी कल्पना पुढे आली.

१८९८ च्या छायाचित्रांनी या प्रश्नाला वेगळे वळण दिले. किरीटाच्या दोन्ही कडांवरील रेषेचे स्थानांतर मोजून किरीटाच्या परिभ्रमणाचा नियम काढावा, या हेतूने कॅम्बेल यांनी जेऊर येथे हिरव्या रेषेची छायाचित्रे घेतली होती. अशा छायाचित्रात अज्ञात रेषेच्या दोन्ही बाजूंना परिचित रेषा असतात. सूक्ष्मदर्शकाखाली त्यांच्यातील अंतरे मोजून अज्ञात रेषेची तरंगलांबी अंतर्वेशनाने (दोन ज्ञात मूल्यांवरून मधले मूल्य काढण्याच्या रीतीने) काढतात. या मापनातून हिरव्या रेषेची तरंगलांबी ५,३१७ अँ. नसून ५,३०३ अँ. च्या थोडी वर असल्याचे आढळले. आधीची मापने खग्रास स्थितीच्या एकदोन मिनिटांत डोळ्यांनी केलेली होती व जवळच वर्णगोलाची ५,३१७ अँ. ची रेषा असल्याने दोहोंची गल्लत झाली होती.

ही दुरुस्ती केवळ १४ अँगस्ट्रॉमची, म्हणजे मूळ लांबीच्या सुमारे पाव टक्का होती. परंतु तिच्यामुळे लोखंडाशी असलेला संबंध तुटला. ५,३०३ अँ. या स्थानी कोणत्याही ज्ञात मूलद्रव्याची जुळणारी रेषा नव्हती. अचूक मापनाने प्रश्न सुटण्याऐवजी अधिकच गहन केला.

बामर सीमेपलीकडचा प्रकाश : तळणी येथे जॉन एव्हर्शेड (१८६४–१९५६) यांनी वर्णगोलाच्या क्षणदीप्त वर्णपटाची (बिंब झाकले जाताना क्षणभर चमकणाऱ्या तेजस्वी रेषांची) छायाचित्रे घेतली. त्यांत हायड्रोजनाच्या रेषा जंबुपार भागाकडे एकमेकींच्या अधिकाधिक जवळ येत जाऊन बामर यांच्या सीमेजवळ, म्हणजे सुमारे ३,६४६ अँ. पाशी, संपलेल्या दिसल्या व त्या सीमेपलीकडे रेषांऐवजी अखंड प्रकाशाचा पट्टा दिसला. सुट्या रेषांनंतर अखंड पट्टा का यावा, याचे स्पष्टीकरण त्या वेळी देता आले नाही. जे. जे. टॉमसन यांनी इलेक्ट्रॉनाचा शोध जाहीर करून तेव्हा एक वर्षही पूर्ण झाले नव्हते. एव्हर्शेड पुढे कोडईकानल वेधशाळेत आले आणि सौर डागांतील वायुप्रवाहांविषयीचा, त्यांच्या नावाने ओळखला जाणारा आविष्कार त्यांनी तेथे १९०९ मध्ये शोधला.

पुंज सिद्धांत : तापलेल्या वस्तूच्या प्रारणाचे स्पष्टीकरण देताना माक्स प्लांक (१८५८–१९४७) यांनी १९०० च्या डिसेंबरात असे गृहीत धरले की, प्रारणाशी होणारी ऊर्जेची देवाणघेवाण अखंडपणे न होता ठराविक पुंजांनी (गठ्ठ्यांनी) होते. प्रत्येक पुंजाची ऊर्जा कंप्रतेच्या (दर सेकंदास होणाऱ्या कंपनांच्या संख्येच्या) प्रमाणात असते. १९०५ मध्ये अल्बर्ट आइन्स्टाइन (१८७९–१९५५) यांनी एक पाऊल पुढे टाकून प्रकाश स्वतःच अशा पुंजांचा बनलेला आहे, असे मांडले. या पुंजाला ‘फोटॉन’ हे नाव १९२६ नंतर रूढ झाले.

फोटॉनाची ऊर्जा = प्लांक स्थिरांक × कंप्रता. प्रकाशाचा वेग म्हणजे कंप्रता व तरंगलांबी यांचा गुणाकार असल्याने हाच संबंध पुढीलप्रमाणेही लिहिता येतो :

फोटॉनाची ऊर्जा = प्लांक स्थिरांक × प्रकाशवेग ÷ तरंगलांबी.

२० मे २०१९ पासून प्लांक स्थिरांकाचे मूल्य व्याख्येनेच ६.६२६०७०१५ × (१० चा उणे ३४ वा घात) जूल-सेकंद असे निश्चित केले आहे. प्रकाशाचा निर्वातातील वेग सेकंदास २९,९७,९२,४५८ मी. आहे. अणूंच्या बाबतीत जूल हे एकक फार मोठे पडते. म्हणून इलेक्ट्रॉन व्होल्ट (एक व्होल्ट विद्युत् दाबातून गेल्यावर इलेक्ट्रॉनास मिळणारी ऊर्जा) हे एकक वापरतात. तरंगलांबी अँगस्ट्रॉममध्ये असेल, तर १२,३९८ या संख्येला तरंगलांबीने भागले असता फोटॉनाची ऊर्जा इलेक्ट्रॉन व्होल्टमध्ये मिळते. यावरून हीलियमाच्या पिवळ्या रेषेतील फोटॉनाची ऊर्जा २.११, हायड्रोजनाच्या तांबड्या रेषेतील (६,५६३ अँ.) फोटॉनाची १.८९ आणि हिरव्या किरीट रेषेतील फोटॉनाची २.३४ इलेक्ट्रॉन व्होल्ट येते.

अधिक अचूक गणनात एक दक्षता घ्यावी लागते. वर्णपटाच्या कोष्टकांत दृश्य प्रकाशाच्या तरंगलांब्या बहुधा हवेतील असतात. वरील सूत्रात मात्र निर्वातातील तरंगलांबी लागते. हवेचा प्रणमनांक सुमारे १.०००२८ असल्याने हिरव्या रेषेची हवेतील ५,३०२.९ अँ. ही लांबी निर्वातात ५,३०४.३ अँ. होते व ऊर्जा २.३३७ इलेक्ट्रॉन व्होल्ट येते. ही दुरुस्ती न केल्यास तिसऱ्या दशांश स्थळी चूक होते.

नील्स बोर (१८८५–१९६२) यांनी १९१३ मध्ये अणूतील इलेक्ट्रॉनास ठराविक ऊर्जापातळ्याच असतात असे मांडले. दोन पातळ्यांतील ऊर्जेचा फरक म्हणजे बाहेर पडणाऱ्या फोटॉनाची ऊर्जा. त्यामुळे बामर यांच्या सूत्राचा अर्थ लागला. त्या सूत्रातील सीमेची ऊर्जा ३.४० इलेक्ट्रॉन व्होल्ट आहे आणि हायड्रोजनाच्या दुसऱ्या पातळीवरील इलेक्ट्रॉन पूर्णपणे सोडविण्यास नेमकी तेवढीच ऊर्जा लागते.

फोटॉनास ऊर्जेबरोबर संवेगही असतो, याचा प्रत्यक्ष पुरावा आर्थर कॉम्पटन (१८९२–१९६२) यांनी १९२३ मध्ये दिला. इलेक्ट्रॉनावर आदळून काटकोनात वळलेल्या क्ष-किरणांची तरंगलांबी ०.०२४ अँगस्ट्रॉमने वाढलेली आढळली. गोट्यांच्या टकरीचे नियम फोटॉनास लावले असता नेमकी हीच वाढ मिळते. १९२४ मध्ये डाक्का (आताचे ढाका) विद्यापीठातील सत्येंद्रनाथ बोस (१८९४–१९७४) यांनी प्रकाशाला फोटॉनांचा वायू मानून प्लांक यांचा नियम तरंग सिद्धांताचा आधार न घेता मिळविला.

द्रव्यतरंग : प्रकाशाला कणरूप असेल, तर कणांना तरंगरूप का नसावे, असा विचार लुई द ब्रॉग्ली (१८९२–१९८७) यांनी १९२३-२४ मध्ये मांडला. त्यांचा संबंध असा :

द्रव्यकणाची तरंगलांबी = प्लांक स्थिरांक ÷ कणाचा संवेग.

१९२७ मध्ये क्लिंटन डेव्हिसन व लेस्टर जर्मर यांनी निकेलाच्या स्फटिकावर ५४ व्होल्ट दाबाने वेग दिलेले इलेक्ट्रॉन सोडले. सूत्राप्रमाणे त्यांची तरंगलांबी १.६७ अँ. येते आणि विवर्तनावरून मोजलेले मूल्य तिच्याशी चांगले जुळले. जे. जे. टॉमसन यांचे पुत्र जी. पी. टॉमसन यांनीही त्याच वर्षी पातळ पटलांतून जाणाऱ्या इलेक्ट्रॉनांचे विवर्तन दाखविले.

फोटॉन व द्रव्यकण यांच्या गणनातील भेद लक्षात ठेवणे आवश्यक आहे. संवेग व तरंगलांबी यांचा संबंध दोहोंना एकच आहे. परंतु संवेगावरून ऊर्जा काढण्याची रीत भिन्न आहे. फोटॉनास स्थिर वस्तुमान नसल्याने त्याची ऊर्जा संवेगाच्या प्रमाणात, म्हणजे तरंगलांबीच्या व्यस्त प्रमाणात असते. प्रकाशापेक्षा पुष्कळ कमी वेगाच्या द्रव्यकणाची गतिज ऊर्जा संवेगाच्या वर्गाच्या प्रमाणात व कणाच्या वस्तुमानाच्या व्यस्त प्रमाणात असते. म्हणून तरंगलांबी निम्मी झाली, तर फोटॉनाची ऊर्जा दुप्पट, पण द्रव्यकणाची गतिज ऊर्जा चौपट होते. फोटॉनाचे १२,३९८ हे सूत्र इलेक्ट्रॉनास लावणे ही नेहमी आढळणारी चूक आहे.

१ अँ. तरंगलांबीशी संबंधित ऊर्जा (इलेक्ट्रॉन व्होल्ट) :
फोटॉन – १२,३९८
इलेक्ट्रॉन – १५०.४
न्यूट्रॉन – ०.०८१८

मोठ्या वस्तूंचे तरंगरूप अनुभवास का येत नाही, हेही यावरून कळते. सुमारे ०.०३ ग्रॅम वस्तुमानाचा ज्वारीचा दाणा सेकंदास एक मीटर वेगाने जात असेल, तर त्याची तरंगलांबी सुमारे २.२ × (१० चा उणे २९ वा घात) मीटर येते. मोठ्या अणुकेंद्रकाच्या व्यासापेक्षाही ही लांबी शेकडो लक्ष कोटी पटींनी लहान आहे. तिचे विवर्तन दाखवील असे कोणतेही जालक असू शकत नाही.

१८९८ च्या छायाचित्रांचा अर्थ : एव्हर्शेड यांना दिसलेला अखंड पट्टा या सर्व कल्पनांच्या आधारे समजला. वर्णगोलात मुक्तपणे फिरणारा इलेक्ट्रॉन हायड्रोजनाच्या केंद्रकाकडे ओढला जाऊन दुसऱ्या पातळीत स्थिर होतो, तेव्हा ३.४० इलेक्ट्रॉन व्होल्ट ऊर्जा आणि त्या इलेक्ट्रॉनाची गतिज ऊर्जा मिळून एक फोटॉन बाहेर पडतो. मुक्त इलेक्ट्रॉनाची गतिज ऊर्जा कोणतीही असू शकत असल्याने रेषांऐवजी पट्टा दिसतो. उदाहरणार्थ, पट्ट्यातील ३,५०० अँ. या स्थानी फोटॉनाची ऊर्जा ३.५४ इलेक्ट्रॉन व्होल्ट आहे. म्हणून तो निर्माण करणाऱ्या इलेक्ट्रॉनाची गतिज ऊर्जा ०.१४ इलेक्ट्रॉन व्होल्ट असली पाहिजे व द ब्रॉग्ली यांच्या सूत्राने त्या इलेक्ट्रॉनाची तरंगलांबी सुमारे ३३ अँ. येते. फोटॉन व द्रव्यकण या दोहोंचे गणन अशा रीतीने एकाच छायापट्टीवरील एका बिंदूपासून करता येते.

हिरव्या रेषेचे कोडे त्यानंतर सुटले. जर्मनीतील व्हाल्टर ग्रोट्रियान (१८९०–१९५४) यांनी १९३९ मध्ये दाखवून दिले की, किरीटाच्या दुसऱ्या काही रेषांची ऊर्जा पुष्कळ इलेक्ट्रॉन गमावलेल्या लोखंडाच्या अणूंतील पातळ्यांच्या फरकाशी जुळते. हे अंतर प्रयोगशाळेतील जंबुपार वर्णरेषांच्या तरंगलांब्यांवरून काढलेले होते. स्वीडनचे बेंग्ट एडलेन (१९०६–९३) यांनी हे काम पुढे नेले व समान इलेक्ट्रॉनसंख्या असलेल्या आयनांच्या श्रेणींवरून गणन करून १९४२ पर्यंत हिरवी रेषाही ओळखली. ती तेरा इलेक्ट्रॉन गमावलेल्या लोखंडाची निघाली. कोरोनियम हे मूलद्रव्य अस्तित्वातच नव्हते.

या निष्कर्षात एक विलक्षण योग आहे. चुकीच्या तरंगलांबीमुळे प्रथम लोखंडाचे नाव पुढे आले होते. अचूक तरंगलांबीने ते बाजूला सारले व ऊर्जेच्या गणनाने तेच नाव पुन्हा पुढे आणले. पहिले उत्तर योगायोगाने बरोबर होते. परंतु त्यामागे पुरावा नव्हता. १८९८ मध्ये ५,३०३ हा आकडा मिळाला नसता, तर २.३४ इलेक्ट्रॉन व्होल्टच्या फरकाशी जुळणी करता आली नसती. कारण ५,३१७ अँ. वरून येणारी ऊर्जा २.३३ इलेक्ट्रॉन व्होल्ट आहे व एवढा फरक अशा जुळणीत क्षम्य नसतो.

या शोधाचा परिणाम दूरगामी होता. लोखंडाचा तेरावा इलेक्ट्रॉन काढण्यास सुमारे ३६१ इलेक्ट्रॉन व्होल्ट ऊर्जा लागते. सूर्याच्या दृश्य पृष्ठाचे तापमान सुमारे ५,८०० केल्व्हिन असून तेथील कणांची औष्णिक ऊर्जा अर्ध्या इलेक्ट्रॉन व्होल्टच्या आसपास असते. किरीटात लोखंडाची अशी अवस्था दिसते, त्या अर्थी तेथील तापमान वीस लक्ष केल्व्हिनच्या घरात असले पाहिजे. त्या तापमानास औष्णिक ऊर्जा सुमारे १७२ इलेक्ट्रॉन व्होल्ट होते व वेगवान इलेक्ट्रॉनांच्या टकरींनी तेरावा इलेक्ट्रॉन निघू शकतो. मेघनाद साहा (१८९३–१९५६) यांनी १९२० मध्ये तापमान व आयनीभवन यांचा संबंध मांडून ताऱ्यांच्या वर्णपटांवरून त्यांचे तापमान काढण्याचा मार्ग दाखविला होता. अतिविरल किरीटास मात्र त्यांचे समतोलाचे सूत्र जसेच्या तसे लागू पडत नाही. थंड पृष्ठावर इतके तप्त आवरण कसे टिकते, हा प्रश्न सौर भौतिकीत अद्यापि पूर्णपणे सुटलेला नाही.

नंतरच्या काळातील उपयोग : तरंगलांबी व ऊर्जा यांच्या याच दोन संबंधांवर महाराष्ट्रातील व शेजारच्या प्रदेशातील अनेक संशोधन केंद्रांचे काम उभे राहिले. तुर्भे (ट्रॉम्बे) येथे ‘अप्सरा’ ही अणुभट्टी ४ ऑगस्ट १९५६ रोजी व ‘सायरस’ ही १९६० मध्ये कार्यान्वित झाली. पी. के. अय्यंगार व त्यांच्या सहकाऱ्यांनी तेथे न्यूट्रॉन प्रकीर्णनाचे संशोधन सुरू केले. अणुभट्टीत मंद केलेल्या न्यूट्रॉनाची ऊर्जा सुमारे ०.०२५ इलेक्ट्रॉन व्होल्ट व तरंगलांबी १.८ अँ. असते. ही लांबी घन पदार्थांतील अणूंमधील अंतरांएवढी आणि ऊर्जा त्या अणूंच्या कंपनांच्या ऊर्जेएवढी असल्याने न्यूट्रॉनांच्या साहाय्याने अणूंची मांडणी व हालचाल ही दोन्ही एकाच वेळी अभ्यासता येतात. १९८५ मध्ये सुरू झालेल्या ‘ध्रुव’ अणुभट्टीत हे काम पुढे चालू राहिले.

पुणे जिल्ह्यातील खोडद येथील महाकाय मीटर तरंग रेडिओ दूरदर्शकात प्रत्येकी ४५ मी. व्यासाच्या ३० परवलयी आकाशका आहेत. हायड्रोजनाची २१ सेंमी. ची रेडिओ रेषा तिच्या साहाय्याने अभ्यासतात. तिच्यातील एका फोटॉनाची ऊर्जा एका इलेक्ट्रॉन व्होल्टच्या सुमारे सहा दशलक्षांश आहे. याच्या उलट टोकाला इंदूर येथील ‘इंडस-२’ हे त्वरक यंत्र आहे. त्यात २.५ अब्ज इलेक्ट्रॉन व्होल्ट ऊर्जेचे इलेक्ट्रॉन वर्तुळाकार मार्गाने फिरतात व सुमारे २ अँ. तरंगलांबीच्या, म्हणजे ६,२०० इलेक्ट्रॉन व्होल्टच्या आसपासच्या क्ष-किरणांचे उत्सर्जन करतात. अशा इलेक्ट्रॉनांचा वेग प्रकाशवेगाच्या अगदी जवळ असल्याने त्यांना वर्गाचे सूत्र लागू पडत नाही. त्यांची ऊर्जा फोटॉनाप्रमाणेच तरंगलांबीच्या व्यस्त प्रमाणात असते.

सूर्याच्या अभ्यासासाठी भारताने २ सप्टेंबर २०२३ रोजी आदित्य-एल१ हे यान सोडले. ते ६ जानेवारी २०२४ रोजी पृथ्वीपासून सुमारे १५ लक्ष किमी. अंतरावरील आपल्या नियत कक्षेत पोहोचले. त्यावरील किरीटलेखकात बिंब कृत्रिम रीत्या झाकलेले असते व निरीक्षणासाठी निवडलेल्या रेषांत ५,३०३ अँ. ची हिरवी रेषा आहे. याच यानावरील जंबुपार प्रतिमादर्शक पुण्याच्या आंतरविद्यापीठीय खगोलशास्त्र व खगोलभौतिकी केंद्राच्या नेतृत्वाखाली तयार झाला असून तो २,००० ते ४,००० अँ. या पट्ट्यातील, म्हणजे ६.२ ते ३.१ इलेक्ट्रॉन व्होल्टच्या फोटॉनांनी सूर्याची चित्रे घेतो. जेऊरच्या माळावर १८९८ मध्ये जी हिरवी रेषा जेमतेम दोन मिनिटे उपलब्ध झाली होती, तिच्या निरीक्षणासाठी आता चंद्राच्या छायेची वाट पाहावी लागत नाही.